किंचित डावीकडे

“किंमत काय लिहू?” काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

पनवेलचं कुरियरचं ऑफिस होतं ते. मी पेणहून सकाळच्या एसटीने गेलो होतो. मूर्ती बरोबर नेली नव्हती, नुसती चौकशी करायची होती. पत्ता इंदूरचा, वस्तू म्हणजे शाडूच्या मातीचा गणपती, उंची दीड फूट, हे सगळं मी सांगितलं. किंमत विचारल्यावर मात्र अडलो.

“तुम्ही विकता कितीला, तेच सांगा ना काका.”

“विकतो ती मातीची किंमत.”

“मग तीच लिहू?”

मी नको म्हटलं. मुलगी समंजस होती. तिने पेन खाली ठेवलं आणि नीट समजावून सांगितलं की वाटेत काही झालं तर लिहिलेली किंमत कंपनी भरून देते, म्हणून विचारायचं. मी म्हटलं, मला भरपाई नको, मूर्ती फुटायला नको. त्याचीही सोय आहे म्हणाली. नाजूक वस्तूला लाल स्टिकर लावतात. ती हे सांगत होती तेवढ्यात मागच्या खोलीत एका माणसाने एक खोका दुसऱ्याकडे फेकला. दुसऱ्याने तो झेलला. खोक्यावर लाल स्टिकर होता.

मी मुलीला बरं म्हणून बाहेर पडलो आणि परतीची एसटी धरली.

घरी माझी मुलगी करुणा आली होती. तिचं सासर पेणलाच, त्यामुळे त्या दिवसांत ती रोज एक खेप करायची. कुरियरवाल्यांचंही काही खरं नाही असं मी तिला सांगितलं. तिने माझ्यापुढे पाणी ठेवलं आणि म्हणाली, “पोस्ट नको, रेल्वे नको, आता कुरियर पण नको. मग गणपती जाणार कसा बाबा? चालत?”

ही गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. आमचा शाडूच्या गणपतींचा कारखाना होता. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची लांब शेड, आणि तिच्यात फळ्यांवर ओळीने मांडलेल्या मूर्ती. माती मळणं, साच्यातून काढणं, हात-सोंड जोडणं, घासून गुळगुळीत करणं हे माझं काम. रंगाला माणसं होती. डोळे मात्र सुगंधाचे. सुगंधा म्हणजे माझी बायको. डोळे काढण्याला आमच्या धंद्यात आखणी म्हणतात. मूर्ती कितीही चांगली होऊ दे, गिऱ्हाईक आखणी बघूनच उचलतं. आमच्याकडचं गिऱ्हाईक तिच्या आखणीसाठी यायचं, माझ्या घासकामासाठी नाही. याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

तिची एक रीत होती. नेहमीचं गिऱ्हाईक असलं की ती आधी विचारायची, तुमच्याकडे गणपती घरात कुठे बसतो आणि घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस कुठे बसतं. लोकांना वाटायचं, बाई गप्पा मारते आहे. ती ते डोक्यात ठेवून बुबुळं बसवायची. कुणाची केसभर उजवीकडे, कुणाची केसभर खाली. मूर्ती घरी नेऊन पाटावर ठेवली की देव नेमका त्या म्हाताऱ्या माणसाकडे बघायचा. त्या घरातल्यांना वाटायचं, आपल्या आजीवर देवाची नजर आहे. मी तिला एकदा म्हटलं, अगं, लोकांना सांग तरी तू काय करतेस ते. म्हणाली, “सांगितलं की ते डोळे बघत बसतील. आता देव बघतो असं वाटतं, ते बरं आहे.”

इंदूरच्या माई शेजवलकर हे असंच जुनं गिऱ्हाईक. त्यांचा भाचा ठाण्याला नोकरीला होता. तो दरवर्षी येऊन मूर्ती न्यायचा आणि मांडीवर घेऊन रेल्वेने इंदूरला पोचवायचा. माईंना आम्ही कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्याशी सुगंधाचं फोनवर बोलणं व्हायचं, वर्षातून एखाद-दोन वेळा, पण ते लवकर संपायचं नाही. माईंच्या यजमानांना, अण्णांना, अर्धांगवायू झाला तेव्हापासून ते पलंगावर होते. पलंग गणपतीच्या डाव्या हाताला, भिंतीलगत. म्हणून सुगंधा माईंच्या गणपतीची नजर किंचित डावीकडे ठेवायची आणि थोडी खाली. उभ्या माणसाला ती नजर सापडायची नाही. पडलेल्या माणसालाच सापडायची.

त्या वर्षी वैशाखात भाच्याचा फोन आला, की माझी बदली चेन्नईला झाली, यंदा मूर्ती न्यायला जमणार नाही, कुरियरने पाठवाल का. सुगंधाने फोन घेतला आणि पाठवते म्हणाली. माईंना काळजी करू नका म्हणावं, असंही म्हणाली. मूर्ती दूर जायची म्हणून दरवर्षी ती आखणीची सुरुवात माईंच्या गणपतीपासूनच करायची. त्याही वर्षी केली. त्या वर्षी सुरुवात तेवढीच झाली. ज्येष्ठात तिला ताप आला, तो डोक्यात गेला. अलिबागला नेलं. तिथून तिला परत कसं आणलं ते मी सांगत नाही.

बाकीच्या मूर्तींची आखणी बाहेरचे कारागीर लावून करून घेतली. ऑर्डरी घेतलेल्या होत्या, त्या पुऱ्या करणं भाग होतं. माईंची मूर्ती मी शेडमधून उचलून घरात आणली आणि आतल्या खोलीत कपाटावर ठेवली. पाठवायची तर होतीच. फक्त कशी पाठवायची, हे ठरत नव्हतं.

मी चौकशा करत राहिलो. एक ट्रान्सपोर्टवाला पाहिला, त्याच्या ट्रकमध्ये सिमेंटच्या गोण्या होत्या. एक आंब्याच्या पेट्या पाठवणारा पाहिला. त्याचा माणूस पेट्या ठेवताना पायाने सरकवत होता. आमच्या शेजारी विश्राम तांडेल यांचा कारखाना. विश्राम वर्षाला ढीगभर मूर्ती बाहेरगावी पाठवायचे. ते म्हणाले, “हसुराम, मुलगी देताना पण एवढी चौकशी करत नाय रे कोणी. तू करुणाच्या वेळी तरी केली होती का?”

करुणा तिथेच होती. ती म्हणाली, “नाही केली विश्रामकाका. म्हणूनच आता दोन्हीची मिळून करतायत.”

विश्राम खूप हसले. मग जरा गंभीर होऊन म्हणाले, की अरे, धा मूर्ती पाठवल्या की एखादी फुटते, ते आपण धरूनच चालतो. मी म्हटलं, माझ्याकडे धा नाहीत. ते माझ्या पाठीवर हात ठेवून गेले.

त्यांच्या त्या बोलण्यातूनच मला एक सुचलं. त्याच साच्यातल्या, त्याच मातीच्या, रंग न दिलेल्या काही कच्च्या मूर्ती शेडमध्ये पडून होत्या. म्हटलं, आधी या पाठवून बघू. रस्ता तोच, वजन तेच, पत्ता तोच. जी मूर्ती धड पोचेल, तिच्या वाटेने आपली पाठवायची. फुटल्या तर माती फुटली. कोणाचं काही जात नाही.

पण त्यासाठी माईंना फोन करायला हवा होता, आणि तेच मी टाळत होतो. फोन केला की त्या आधी सुगंधाला बोलवा म्हणणार. शेवटी एका सकाळी धीर करून केला. फोन त्यांच्याकडे अण्णांचं करायला येणाऱ्या बाईने उचलला. माई आंघोळीला गेल्या होत्या. मला सुटल्यासारखं झालं. मी त्या बाईला भराभर सांगितलं, की पेणहून काही पार्सलं येतील, ती नुसती चाचणीची आहेत, उघडून कुठलं धड आलं ते सांगा, म्हणजे मी खरी मूर्ती पाठवतो. बाई हिंदी बोलणारी होती. हो हो म्हणाली. माई बाहेर यायच्या आत मी फोन ठेवला.

पहिली कच्ची मूर्ती पनवेलच्या त्याच ऑफिसातून पाठवली, लाल स्टिकर लावून. दुसरी ट्रान्सपोर्टने, लाकडी पेटीत, आंबे ठेवावेत तशी पेंढ्यात बसवून. तिसरी मी सायनहून इंदूरला सुटणाऱ्या एका बसने पाठवायचं ठरवलं. त्या बसच्या ऑफिसात पार्सल घेतात असं कोणीतरी सांगितलं होतं. मी पेटी घेऊन पेणहून निघालो खरा, पण एसटीत एका माणसाने तिच्यावर पाय दिला आणि झाकणाची फळी तुटली. सायनला पोचलो तेव्हा पेटी वरून उघडी होती आणि पेंढ्यातून देवाची सोंड आणि कपाळ वर आलेलं.

ऑफिसातला माणूस म्हणाला, उघडी पेटी घेत नाही. मी परत फिरणार, तेवढ्यात बसचा ड्रायव्हर चहा पिऊन आला. मालव्याकडचा माणूस होता, कैलाश नाव. त्याने पेटीत वाकून पाहिलं. चहाचा हात शर्टाला पुसला. मग चपला काढल्या, पेटीला नमस्कार केला आणि ऑफिसातल्या माणसाला हिंदीत सांगितलं, की हे पार्सल नाही, सवारी आहे, माझ्यापाशी बसेल. डिक्कीत नाही, टपावर नाही, त्याने पेटी आपल्या केबिनमध्ये सीटशेजारी ठेवली आणि दोरीने बांधली. बंद पेटीला कुणी नमस्कार केला नसता. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

आता वाट सापडली होती. मला बरं वाटायला हवं होतं. मी घरी आलो आणि आडवा झालो.

दुसऱ्या दिवशी करुणा आली. केर काढत काढत आतल्या खोलीत गेली आणि तिथेच थांबली. म्हणाली, “बाबा, खाट इकडे कधी आणलीत?”

मी सांगितलं, तिकडे वारा येत नाही.

“खिडकी तर तिकडे आहे.”

मी पेपर उघडला. ती माझ्या खाटेवर बसली. मग उशीवर डोकं टेकून जराशी आडवी झाली आणि तिने कपाटाकडे पाहिलं. कपाटावरचा गणपती तिच्याकडे बघत होता. खोलीत दुसरीकडे कुठेही उभं राहिलं तरी तो कुणाकडे बघत नव्हता. फक्त त्या खाटेवर, त्या उशीवर.

ती उठली आणि केरसुणी घेऊन बराच वेळ एकाच जागी झाडत राहिली. जाताना दारात म्हणाली, “उद्या विमान आलं दारात, तरी तुम्ही त्यात खोट काढाल.” तिच्या आवाजात राग नव्हता. मी तिला सावकाश जा म्हणालो.

श्रावण संपत आला तसा एका दुपारी फोन वाजला. माईंचा होता.

“हसुरामभाऊ, गणपती पोचला हो. यंदा फारच त्रास झाला तुम्हाला.”

मी म्हटलं, त्रास कसला. मला वाटलं त्या चाचणीबद्दलच बोलतायत.

“पहिले दोन आले ते दुखावलेले आले,” माई म्हणाल्या. “एकाची सोंड गेली होती, दुसऱ्याचा तर भुगाच. मनाला फार लागलं. बादलीत विसर्जन केलं दोघांचं, तुळशीपाशी. म्हटलं, वाट लांबची आहे, तुम्ही तरी काय करणार. आणि तरी तुम्ही पुन्हा पुन्हा पाठवत राहिलात. हा तिसरा मात्र सुखरूप आला. बसवाला स्वतः घरी आणून देऊन गेला.”

त्या कामवाल्या बाईने चाचणीचं काही सांगितलंच नव्हतं, हे माझ्या ध्यानात आलं. मी सांगायला तोंड उघडलं. “माई, अहो तो...”

“रंग नाही, डोळे नाहीत. बघितलं मी.” त्या थांबल्या. “सुगंधा कधी गेली?”

माझ्या हातात फोन होता आणि समोर भिंत होती. मी म्हटलं, “ज्येष्ठात.”

“कळवायचं नाही होय?”

“नाही जमलं.”

“असू दे. मला पेटी उघडली तेव्हाच कळलं. ती असती तर तिने असा पाठवला नसता.”

मग बराच वेळ त्याच बोलत राहिल्या. शेजारी म्हणतात, इथल्या कुणाकडून रंगवून डोळे काढून घ्या. पण मी नाही म्हटलं, असं त्या म्हणाल्या. मी हाच बसवणार, असाच. “घरातलं माणूस गेलं की आपण नाही का थोडे दिवस डोळे मिटून बसत? यंदा देव बसेल.”

मी विचारलं, अण्णा कसे आहेत.

“त्यांना यातलं काही सांगितलेलं नाही. हळवे झालेत आता. सुगंधाचं नाव त्यांच्या तोंडात असतं, पेणची बाई म्हणतात. रोज विचारतात, आला का गणपती, बघतोय का इकडे? मी सांगते, अजून तोंडावर रुमाल आहे, चतुर्थीला काढू. त्यांना आता दिसतं तरी कुठे नीट. मी सांगेन, बघतोय म्हणून.”

फोन ठेवला आणि मी आतल्या खोलीत गेलो. सवयीने खाटेवर आडवा झालो. गणपती बघत होता. तशी ती नजर दोन महिने माझ्यावर होती आणि तेवढ्यावर माझे दिवस निघत होते. सुगंधा बघते आहे असं मी म्हणत नाही, मी तसा माणूस नाही. पण तिच्या हाताने जिथे बघायला लावलं होतं तिथे मी पडत होतो, एवढं खरं. त्या दुपारी मला ती नजर सोसेना. ती माझी नव्हती. इंदूरला एक म्हातारा माणूस भिंतीलगत पडून होता, रोज विचारत होता, आणि मी इकडे त्याच्या जागेवर झोपत होतो.

मी उठलो आणि माईंना परत फोन लावला. या वेळी त्यांनीच उचलला. मी त्यांना सगळं सांगितलं. आले ते तिन्ही गणपती चाचणीचे होते. खरी मूर्ती घरीच आहे, सुगंधाने वैशाखात तिचे डोळे काढलेत, दरवर्षीसारखे. एवढीच एक झाली तिच्या हातून यंदा. मी ती पाठवतो आहे.

मला वाटलं फोन कट झाला.

“मग ती तुम्हीच ठेवून घ्या हसुरामभाऊ,” माई म्हणाल्या. “माझा हा आहे ना. आणि मला सांगा, तिचे शेवटचे डोळे मी पाचव्या दिवशी पाण्यात कशी सोडू?”

“तिने काढलेले सगळे डोळे पाण्यातच गेलेत, माई.”

पलीकडे त्यांनी खुर्ची ओढून घेतल्याचा आवाज आला.

“आणि ते तुमच्या घरासाठी काढलेत,” मी म्हटलं. “इथे ते कुणाकडे बघत नाहीत.”

मला वाटतं, आयुष्यात मी एवढं एकच खोटं इतक्या सहज बोललो. माईंना ते कळलं की नाही, ठाऊक नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “पाठवा मग. अण्णांना सांगते, निघालाय.”

मी करुणाला निरोप पाठवला, की येताना पेंढा घेऊन ये, भाताचा, कोरडा बघून. ती आली ती पेंढ्याचा भारा डोक्यावर घेऊनच, आणि मागोमाग विश्राम तांडेलही आले. त्यांनी स्वतःच्या कारखान्यातली सागाची पेटी आणली होती. पेटी मापाला मोठी होत होती. त्यांनी तिथेच बसून फळ्या कापल्या. मी म्हटलं, झाकण नको. विश्राम म्हणाले, बिनझाकणाची पेटी इंदूरला? मग मी त्यांना ड्रायव्हरचं सांगितलं. ते करवत थांबवून म्हणाले, “एवढी वर्षं आम्ही झाकणावर नाजूक, नाजूक लिहीत बसलो आणि आत काय आहे तेच झाकून ठेवलं.”

करुणाने तळाला पेंढा अंथरला. मी कपाटावरून मूर्ती उतरवून स्टुलावर ठेवली. आमच्यात देव घरी नेताना त्याच्या तोंडावर रुमाल टाकतात आणि पाटावर बसवल्यावर काढतात. दरवर्षी हे गिऱ्हाईकच करतं, आमचा त्यात हात नसतो. या वेळी ते मलाच करायचं होतं. करुणाने नवा पांढरा रुमाल आणला होता. मी तो हातात घेऊन जरा उभा राहिलो. माझ्या डोळ्यांसमोर ते डोळे होते, पण मी उभा होतो, त्यामुळे ते माझ्याकडे बघत नव्हते. मी गुडघ्यावर बसलो, मग वाकून डोकं जवळजवळ जमिनीला टेकवलं आणि देवाच्या डाव्या बाजूने वर पाहिलं. विश्राम दाराबाहेर बघत राहिले. करुणाने मला हाताला धरून उठवलं. मग मी रुमाल टाकला आणि कानांमागून सैल गाठ मारली, रंग खरवडू नये अशी.

पेटी सायनला न्यायला विश्रामनी आपला टेम्पो दिला. करुणा आणि मी मागे बसलो, दोघांमध्ये पेटी. रस्त्यात खड्डा आला की आम्ही दोघं पेटी धरायचो आणि एकमेकांचे हात लागायचे. एकदा करुणा म्हणाली, “आईला टेम्पो लागायचा.” मी हो म्हटलं.

बस उभी होती, पण ड्रायव्हर दुसराच होता. कैलाश रजेवर. हा माणूस जाड, मिश्यांचा, कपाळाला आठी. घरी परत नेऊ, असं माझ्या तोंडापर्यंत आलं. करुणाने माझ्याकडे पाहिलं. मी पेटी त्याच्यासमोर खाली ठेवली आणि बाजूला झालो.

त्याने पेटीत पाहिलं, तोंडावरचा रुमाल पाहिला. मला विचारलं, कुठे बसणार हे. मी सांगितलं, इंदूरला एक म्हातारे आजारी आहेत, ते वाट बघतायत. त्याने मान हलवली. केबिनमधली स्वतःची बॅग उचलून त्याने मागे दिली, आपली गादीची उशी पेटीखाली सरकवली आणि क्लीनरला दरडावून सांगितलं, की आज केबिनमध्ये विडी पेटवायची नाही. मी त्याला चहाला पैसे देऊ लागलो तर त्याने माझी मूठ मिटवून हात मागे सारला.

बस हलली. ती वळून दिसेनाशी होईपर्यंत आम्ही तिथे होतो. मग करुणा म्हणाली, “बाबा, भूक लागली.” आम्ही तिथल्या एका हॉटेलात मिसळ खाल्ली. सुगंधा गेल्यापासून मी पहिल्यांदा चवीने खाल्लं असेन.

मूर्ती पोचली, एवढा निरोप दुसऱ्या दिवशी त्या कामवाल्या बाईने दिला. धड की फुटकी, हे तिला सांगता येईना. पेटी माईंनी देवापाशी ठेवली आहे आणि कुणाला हात लावू देत नाहीत, असं म्हणाली. मी पुन्हा फोन केला नाही. चतुर्थीपर्यंत तसाच राहिलो. आमच्याकडे सुतक म्हणून त्या वर्षी गणपती नव्हता. शेड रिकामी झाली होती आणि फळ्यांवर नुसते मातीचे गोल डाग होते.

चतुर्थीच्या दिवशी दुपारच्या आत माईंचा फोन आला. मागे आरतीनंतरचा गलका ऐकू येत होता, कुणीतरी प्रसाद मागत होतं.

“बसला हो,” माई म्हणाल्या. “कुठे खरचटलंसुद्धा नाही. आत्ता रुमाल काढला.” त्यांनी कुणाला तरी गलका थांबवायला सांगितलं. “थांबा. यांना बोलायचंय तुमच्याशी. सावकाश बोलतात, ऐकून घ्या.”

अण्णांशी मी कधी बोललो नव्हतो. फोन पलंगापाशी नेल्याचा, मग कुणीतरी तो त्यांच्या कानाशी धरल्याचा आवाज आला. बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता.

“पेण का?” ते म्हणाले. शब्द जड येत होते.

“हो अण्णा. पेण.”

“बाईंना सांगा...” पुन्हा श्वास. “डोळे बरोबर आलेत.”

करुणा माझ्यासमोर उभी होती. काय म्हणतायत, असं तिने खुणेने विचारलं. मी फोन कानाला घट्ट धरला.

“सांगतो,” मी म्हटलं.